उपयुक्ततेचा रकाना

सरकारी कागदावर मी आयुष्यात एकच खोटी ओळ लिहिली, आणि माझ्या सगळ्या लिखाणातली तेवढी एकच ओळ लोकांनी वाचली. बाकी तीसेक वर्षांत झाडाझुडपांबद्दल जे खरं लिहिलं ते महाविद्यालयाच्या कपाटात आहे. त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हे आता महाविद्यालयालाही आठवत नाही.

मी वाशिमला वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. आमचं घर माळ्याचं. वडील शहराच्या कडेला वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे. बीएस्सीला असताना मी एक रानटी रोपटं रद्दीच्या कागदात दाबून, वाळवून घरी आणलं. वडिलांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं,

"याले लागते काय?"

"काहीच नाई."

"मंग आणलं कायले?"

पुढे हाच प्रश्न मला प्राचार्यांनी विचारला, सोयरिकीला आलेल्या लोकांनी विचारला आणि निवृत्तीनंतर साहेबांनी विचारला. त्यातल्या त्यात वडील बरे. त्यांनी या प्रश्नासाठी समिती तरी नेमली नाही.

समिती नेमली ती माझ्या निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी. जिल्ह्यातल्या दुर्मिळ वनस्पतींची यादी करायची आणि कुणाला आधी वाचवायचं त्याचा क्रम लावायचा, असं तिचं काम होतं. खातं कोणतं ते सांगत नाही. सगळीच खाती आपली आहेत. तिथल्या साहेबांनी मला फोन करून सांगितलं, "सर, तुम्ही तज्ज्ञ. क्रम तुम्ही लावायचा, आम्ही फक्त सही करणार." तीस वर्षांत मला तज्ज्ञ म्हणणारा हा पहिला माणूस. मी त्याच दिवशी धुतलेला शर्ट पुन्हा धुवायला टाकला.

आता हे काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. दुर्मिळ म्हणजे दोन तऱ्हांचं दुर्मिळ. एक झाड आपल्याकडे कमी दिसतं, पण सातपुड्यात गेलं की पावलापावलाला. आपल्या गावात हत्ती नाही म्हणून हत्ती काही जगातून संपत नाही. तसं ते झाड. दुसरं झाड असं, की ते एखाद्या टेकडीवर उगवतं आणि जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाही. ती टेकडी गेली की झाड गेलं, कायमचं. तेव्हा रांग लावताना दुसऱ्या तऱ्हेच्या झाडाला पुढे उभं करायचं. त्यातही ज्याची जागा सगळ्यात छोटी, रोपं सगळ्यात कमी आणि धोका सगळ्यात जवळ, ते सगळ्यात पुढे. एवढंच शास्त्र आहे. यात माझ्या वडिलांना न समजण्यासारखं काही नाही. समितीला मात्र ते समजलं नाही.

माझ्या डोळ्यासमोर एकच झाड होतं. त्याचं शास्त्रीय नाव मी इथे लिहिणार नाही, आणि झाडाचं गावातलं नाव व जागा, दोन्ही बदलून लिहितोय. का, ते पुढे कळेलच. आपण त्याला ठेंगणी म्हणू. वीतभरसुद्धा उंच नाही. नखाएवढं हिरवट फूल, त्यावर जांभळे ठिपके, आणि जमिनीत सुपारीएवढा कंद. श्रावणात वर येते, भादव्यात फुलते, दिवाळीपर्यंत वाळून नाहीशी होते. मेडशीच्या बाजूला एक बरड आहे, म्हणजे काळ्या खडकाचं सपाट टेकाड, वर चार बोटं माती. त्या बरडावर ती आहे. आजूबाजूची सगळी टेकाडं मी गुडघे दुखेपर्यंत पालथी घातली. दुसरीकडे नाही.

ती मला दाखवली चंद्रकलाताई तायडे यांनी. बरडाच्या पायथ्याशी त्यांचं दोन एकर वावर, तूर-सोयाबीनचं, आणि सात-आठ बकऱ्या. वय पन्नाशीच्या पुढे. कधीकाळी ग्रामपंचायतीत निवडूनही आलेल्या. मी पहिल्यांदा बरडावर रांगताना त्यांना दिसलो, तेव्हा त्यांनी लांबूनच विचारलं होतं, "काय सांडलं, सर?"

मी सांगितलं, झाडं शोधतो. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "एक आहे इथं. बकऱ्या बी खात नाई त्याले. या."

बकऱ्या ठेंगणी खात नाहीत, पण तिच्यावर माजणारं गवत खातात. म्हणून तिला ऊन मिळतं. हे मी पुढे दोन पावसाळे पाहून समजून घेतलं आणि मोठ्या अभिमानाने ताईंना सांगितलं. "मंग म्या काय सांगितलं तुमाले?" असं त्या म्हणाल्या.

तर समिती. पहिल्या बैठकीत गुण द्यायचा तक्ता ठरला. तो मी तयार केला. किती जागी आहे, किती रोपं आहेत, धोका किती, असे तीन रकाने. साहेबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "फार कोरडा वाटतो. वर पाठवायचाय, सर. लोकांना काहीतरी आपलं वाटलं पाहिजे." मग 'सौंदर्य व लोकप्रियता' हा रकाना आला. नंतर 'उपयुक्तता'. या शेवटच्या रकान्याला मी विरोध करायला हवा होता. मी काय केलं? "शब्द चांगला आहे," असं म्हणालो. तज्ज्ञ म्हणवून घेतल्यावर माणसाची मान आपोआप होकारात हलते.

समितीत एक वृक्षमित्र होते. त्यांचं झाडांवर खरोखर प्रेम होतं. अडचण एवढीच, की गुडघ्याच्या खाली जे उगवतं त्याला ते गवत म्हणत. आणि मोकळी जमीन दिसली की त्यांचे हात शिवशिवत. त्यांनी यादीसाठी पहिलं नाव सुचवलं ते पांढऱ्या पळसाचं. कारंज्याकडे असा एक आहे. केशरी फुलांच्या पळसालाच कधीतरी पांढरी फुलं येतात. माणसात एखादा घाऱ्या डोळ्यांचा निघतो तसं. म्हणून ती काही वेगळी जात होत नाही.

हे मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही. सौंदर्याला दहापैकी दहा पडले. उपयुक्ततेवर चर्चा झाली.

वृक्षमित्र म्हणाले, "त्याच्या मुळीनं गुप्तधन सापडते. सगळ्या वऱ्हाडाले माहीत आहे."

साहेब गंभीर झाले. "गुप्तधन असं लिहिता येणार नाही. वरून विचारणा होईल." थोडा विचार करून त्यांनी कारकुनाला सांगितलं, "धार्मिक महत्त्व, असं लिहा. नऊ गुण."

ठेंगणीची पाळी आली तेव्हा चहा आलेला होता. मी फोटो दाखवले. साहेबांनी मोबाइल डोळ्याजवळ नेला, लांब नेला, आणि विचारलं, "यात झाड कोणतं?"

यादी अठरा नावांची झाली. ठेंगणी अठरावी. पहिल्या तीन रकान्यांत तिला पैकीच्या पैकी होते. सौंदर्यात एक गुण मिळाला, तोही माझ्या तोंडाकडे पाहून. उपयुक्ततेचा रकाना रिकामा.

मी ते सोडूनही दिलं असतं. पण त्याच बैठकीत वृक्षमित्रांनी वृक्षलागवडीचा आराखडा काढला आणि त्यात मेडशीकडचं ते बरड होतं. कागदावर 'पडीक'. तिथे पावसाळ्याआधी ओळीने खड्डे खणून रोपं लावायची होती. चार बोटं मातीवर झाड जगत नाही. उन्हाळ्यात ते मरणारच. पण त्याआधी खड्ड्यांसाठी यंत्र फिरणार, आणि ठेंगणी आधी मरणार. म्हणजे पर्यावरणासाठी एका जागी दोघांचं मरण. मी तसं बोललो. वृक्षमित्र दुखावले. "सर, तुम्ही वनस्पतीचे प्राध्यापक असून झाडं लावाले विरोध करता?"

साहेब म्हणाले, "नियम साधा आहे. यादीतल्या पहिल्या पाचांच्या जागेला हात लावायचा नाही, असं ठरलंय. तुमची ही पाचात असती तर प्रश्नच नव्हता." मग त्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. "आणि हा रकाना रिकामा आहे. रिकामा रकाना मला पाठवता येत नाही. काही ना काही उपयोग असेलच की. आदिवासी, वैदू, कुणी काही सांगितलं असेल. आठवा."

मी पेन घेतलं आणि लिहिलं: 'स्थानिक लोक कंदाचा वापर मधुमेहावर करतात.'

स्थानिक लोक म्हणजे चंद्रकलाताई, आणि त्यांनी त्या कंदाला आयुष्यात तोंड लावलेलं नव्हतं. मधुमेहच का सुचला, तर माझी साखर त्याच आठवड्यात तपासलेली होती. आठ गुण मिळाले. ठेंगणी अठरावरून एकदम तिसरी आली. साहेब म्हणाले, "बघा, आठवलं की नाही!" त्यांनी जागेचा रकानाही भरून घेतला. दुर्मिळ झाडाचा नेमका ठावठिकाणा कधी छापायचा नसतो, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. पण मी इतका खुशीत होतो, की गाव, टेकाड, पायवाट, सगळं नीट सांगितलं.

बरड लागवडीतून वगळलं गेलं. मी घरी येताना पेढे घेतले.

पुढच्या श्रावणात यादी बाहेर आली. एका स्थानिक वार्ताहराने तिच्यातल्या अठरा झाडांपैकी एकच उचललं. मथळा होता: 'वाशिम जिल्ह्यात मधुमेहावर संजीवनी!' खाली गाव, टेकाड, पायवाट. माझं नाव आणि फोटोही होता, प्राध्यापक व तज्ज्ञ या शब्दांसकट.

आठ दिवसांनी चंद्रकलाताईंचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"सर, तुमी काय लिवलं कागदात?"

"काहून? काय झालं?"

"काय झालं काय इचारता? बरडावर जत्रा भरली. मोटारसायकली काय, जीपा काय. कोणी खुरपं घेऊन येऊन राह्यलं, कोणी कुदय. कालच्याले एक बाप्पा मालेगाववून आला, त्यानं पिशवीभर कंद नेले. म्या हटकलं त मलेच म्हणते, बाई, तुमी लोकं इतके दिवस एकटेच खाऊन राह्यले व्हय?"

मी पहिल्या एसटीने गेलो. बरड कुणीतरी डुकरं सोडल्यासारखं उकरलेलं होतं. फुलावर आलेली रोपं उलटी पडलेली, कंद तेवढा तोडून नेलेला. जिथे पूर्वी मला पाऊल कुठे ठेवू असं व्हायचं, तिथे मी सरळ चालत गेलो. ताई माझ्या मागून येत होत्या. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, रकान्यासकट. मी त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलतो. ती माझीही आहे, फक्त समितीला जाताना मी ती घरी ठेवून जातो.

त्यांनी उलटं पडलेलं एक रोपटं उचलून पाहिलं. मग म्हणाल्या, "माह्या नावानं लिवलं?"

"नाव नाई लिवलं. स्थानिक लोक, असं लिवलं."

"मंग मीच झाली ना. इथं दुसरं कोण फिरते?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, ती ओळ खोटी आहे, काढून टाका. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग शांतपणे समजावलं. ओळ काढली की आठ गुण जातात. आठ गुण गेले की झाड पुन्हा अठरावं. अठरावं झालं की बरड मोकळं, आणि वृक्षमित्र खड्ड्यांसाठी टपलेलेच आहेत. "तुम्हीच सांगा, सर. काढू?"

ओळ ठेवली तर लोक कंद खणून नेणार, काढली तर यंत्र येऊन बरड खणणार. मी "राहू द्या" म्हणालो आणि जिना उतरलो. त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पर्यावरणाची एकेक घोषणा रंगवलेली आहे. त्या दिवशी मी सगळ्या वाचल्या.

मार्ग काढला तो चंद्रकलाताईंनी. त्यांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोथा माजलेला होता. मोथा म्हणजे लव्हाळा. शेतकऱ्याचा सात जन्मांचा वैरी. वरून कितीही उपटा, जमिनीतल्या गाठी पुन्हा फुटतात. त्यालाही कंदच. पुढच्या खेपेला जीप आली, तेव्हा ताई वाटेवरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वरती काय जाता? वरची संपली. अस्सल इथं आहे, माह्या धुऱ्यावर. पण मुयापासून काढा लागते. वरवर तोडली त गुण नाई येत."

शहरातल्या माणसाला मोथा कुठून ओळखू येणार? लोक गुडघे टेकून खणू लागले. चांगले सोन्याच्या अंगठ्या घातलेले लोक, रुमाल डोक्याला बांधून, एकेक गाठ काळजीपूर्वक पिशवीत टाकत होते. तीन आठवड्यांत ताईंचा पूर्वेकडचा धुरा असा स्वच्छ झाला, की शेजारचा शेतकरी येऊन विचारू लागला, "माह्याकडं बी पाठव ना चार पेशंट."

मी एकदा तिथे असताना एकाने मला ओळखलं. वर्तमानपत्रातला फोटो. हातातली गाठ पुढे करून म्हणाला, "सर, हीच ना?" ताई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "बाईंना माझ्यापेक्षा जास्त कळतं." हे वाक्य खरं होतं, म्हणून मी ते मोठ्याने म्हणालो. परतीच्या एसटीत मला एकट्यालाच हसू येत होतं. वाटलं, कुणाचं काही बिघडलं नाही. मोथा पोटात गेला तरी अपाय नाही, वावर साफ झालं, आणि बरडावर जी थोडी ठेंगणी उरली ती सुटली. मी स्वतःला माफही करून टाकलं होतं.

त्यात एक गुरुजी होते. कामरगावचे, निवृत्त मुख्याध्यापक. दर दोन-तीन दिवसांनी बस बदलत यायचे, फाट्यापासून चढण पायी चढायचे, तासभर खणायचे. आपली साखर कमी झाली, असं सगळ्यांना सांगायचे. इतकी पायपीट केल्यावर कुणाचीही झाली असती. ताईंनी त्यांना सावलीला बसवून पाणी द्यायचं, आणि त्यांनी ताईंना संजीवनीचे गुण समजावून सांगायचे, असा त्यांचा क्रम ठरला होता.

एका दुपारी गुरुजी खणता खणता धुऱ्यावर आडवे झाले. ताईंनी तोंडावर पाणी मारलं, शुद्ध नीट येईना. गावातली जीप बोलावून त्यांना आमच्या तालुक्याच्या मालेगावला दवाखान्यात नेलं. तिथूनच ताईंनी मला फोन केला. "सर, तो माणूस म्हणते, त्यानं गोया बंद केल्या. महिनाभरापासून. हे खाऊन राह्यला म्हणून."

गुण येतोय असं वाटलं म्हणून त्यांनी डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्या होत्या. आधी चालण्याने साखर उतरली असेल. मग जी चढली ती चढतच गेली. पायाला एक जखम होती, तीही त्यांनी घरात लपवली होती.

मी पोचलो तेव्हा ते बोलण्याच्या स्थितीत होते. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता येत नव्हतं. त्यांची मुलगी उशाशी बसली होती. मी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. ठेंगणीचा मधुमेहाशी काही संबंध नाही. तुम्ही खाल्ली ती ठेंगणीही नव्हती, मोथा होता. पहिलं खोटं माझं. दुसरं खोटं पहिल्यामुळे.

गुरुजी छताकडे बघत ऐकत होते. मला वाटलं ते रागावतील, किंवा हसतील. आपल्याकडे मास्तर लोक अशा वेळी काहीतरी सुभाषितासारखं बोलतात. ते म्हणाले, "तुमचं नाव होतं खाली. प्राध्यापक लिहिलं होतं. म्हणून मी डॉक्टरला विचारलं नाही." आणि मुलीला म्हणाले, "यांना जायला सांग."

ते बरे झाले. पायाचं एक बोट गेलं. मी दोनदा कामरगावला जाऊन आलो. दोन्ही वेळा गुरुजी घरात नाहीत असं घरातूनच सांगण्यात आलं, आणि दोन्ही वेळा त्यांच्या चपला दारात होत्या.

दवाखान्यातून निघाल्या निघाल्या मी ठरवलं, ओळ काढायची. बरड जाईल तर जाईल. ताईंना तसं सांगितलं. मला वाटत होतं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "काढाच. माणूस मरत होता." मग थोड्या वेळाने, "बरडाचं मी पाह्यते. ग्रामसभा कधी आहे?"

ग्रामसभेसाठी मी तयारी केली. तीन तक्ते, फुलाचा मोठा करून छापलेला फोटो, जगात फक्त आपल्या गावात असं मोठ्या अक्षरांत. पंचायतीच्या ओट्यावर ताईंनी माझ्या हातातली गुंडाळी पाहिली आणि मला बाजूला घेतलं.

"सर, तुमी नका बोलू."

"काहून?"

"तुमी बोलले का झाड मरते."

मी मागे सतरंजीवर बसलो. वृक्षमित्र मुद्दाम वाशिमहून आले होते. त्यांनी हिरव्यागार बरडाचं चित्र शब्दांत रंगवलं. चांगलं बोलतात ते. मग ताई उठल्या. त्यांनी ठेंगणीचं नावही घेतलं नाही.

"गावात बकऱ्या किती घरी आहेत? हात वर करा." निम्म्याहून जास्त हात वर झाले. "बरडावर खड्डे खंदले, तारेचं कुंपण घातलं, त या बकऱ्या कुठं चाराच्या? साहेबाच्या गच्चीवर? आन मांगच्या खेपेला नाल्याकडं झाडं लावली व्हती, त्यातलं एक तरी कोणाले दिसते काय? दिसत असंल त मले दाखवा, मी तिथंच बकऱ्या बांधते."

लोक हसले. वृक्षमित्र काहीतरी बोलले ते ऐकू आलं नाही. बरड कायम चराईसाठी राखून ठेवण्याचा ठराव झाला. त्यात दुर्मिळ हा शब्द नाही, वनस्पती हा शब्द नाही, जगात फक्त इथेच वगैरे काही नाही. बकऱ्या आहेत. तो ठराव आजही टिकून आहे, कारण त्याच्या विरोधात बोलायचं तर निम्म्या गावाच्या विरोधात बोलावं लागतं.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी उभं राहून ओळ खोटी असल्याचं सांगितलं. साहेबांनी कारकुनाला लिहिण्यापासून थांबवलं आणि इतिवृत्तात 'सदर माहितीची फेरपडताळणी करण्यात आली' असं घातलं. म्हणजे मी कबुली दिली, आणि कागदावर माझी मेहनत दिसली. वर्तमानपत्रालाही मी खुलासा पाठवला. तो छापून आला, कडबाकुट्टीच्या जाहिरातीखाली, चार ओळींत, आणि त्यात ठेंगणीचं नाव चुकलं होतं. ठेंगणी पुन्हा अठरावी झाली. तिथे ती सुखी आहे. पहिल्या क्रमांकाच्या पांढऱ्या पळसाभोवती फरशीचा ओटा झाला, कठडा झाला, फलक लागला. फलकावर महत्त्व वाचून लोकांनी रात्रंदिवस त्याची साल आणि मुळ्या नेल्या. मागच्या उन्हाळ्यात तो वाळला. फलक चांगला आहे अजून.

मी त्या समितीतून बाहेर पडलो, म्हणजे पुढच्या बैठकीचं पत्र मला आलं नाही. पण दर भादव्यात मी मेडशीची एसटी धरतो. ठेंगणी किती उरली ते मोजायचं, वहीत लिहायचं आणि घरी यायचं, एवढं एक काम मी स्वतःकडे ठेवलं आहे. पूर्वी मोजायला दोन दिवस लागायचे. आता दुपारच्या जेवणाच्या आत होतं.

यंदा ताई सोबत होत्या. त्यांच्या गुडघ्यांना आता चढण होत नाही, तरी आल्या. बकऱ्या पुढे सोडल्या. मी दोरी लावून पट्टे आखले. त्या पट्ट्याच्या एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, वाकून, हळूहळू. चूक राहू नये म्हणून दोघंही तीच सगळी रोपं मोजत होतो. गेल्या वर्षीपेक्षा थोड्या जास्त भरतील असं मला वाटत होतं, पण मी ते मनातही म्हणत नव्हतो. शेवटच्या पट्ट्याच्या टोकाला पोचून मी पाठ सरळ केली आणि म्हणालो, "चाळीस. तुमच्या किती?"

"तुमचं संपलं काय?"

"संपलं."

"पाय उचला," ताई म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. उजव्या बुटाच्या कडेखालून जांभळ्या ठिपक्यांचं नखाएवढं फूल बाहेर आलेलं होतं. मी पाय उचलला आणि तसाच एका पायावर उभा राहिलो, दुसरा कुठे ठेवावा ते न कळून. ताई खाली बसल्या. देठ वाकला होता, तुटला नव्हता. त्यांनी तो दोन बोटांत धरून सरळ केला, बाजूचा एक चपटा दगड उचलून त्याला टेकण म्हणून लावला, आणि मुळाशी चिमूटभर माती दाबली.

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "लिवा."